झोपाळ्यावरून दिसणारा टीव्ही: ओएलईडी घ्यावा की मिनी-एलईडी?

सांगलीच्या घरी हॉलमध्ये सागवानी झोपाळा आहे. टीव्ही समोरच्या भिंतीवर, बाबांची खुर्ची त्याच्या बरोबर मधोमध, आणि झोपाळा डाव्या भिंतीला पाठ करून. तीन वर्षांपूर्वी मी तिथे 55 इंची मिनी-एलईडी लावला. बरंच वाचून, चार दुकानं पालथी घालून. आठ दिवसांनी आईचा फोन आला, "अरे, त्या मालिकेतल्या बाईच्या साडीचा रंग झोक्याबरोबर बदलतो रे. झोका पुढे आला की जांभळी, मागे गेला की विटकी."

मी हसलो. पुढच्या शनिवारी जाऊन झोपाळ्यावर बसलो, तर अगदी तसंच. झोका खोलीच्या मध्याकडे आला की चित्र भरलेलं, मागे भिंतीकडे गेला की चेहऱ्यांवर राख फासल्यासारखं. बाबांना खुर्चीतून यातलं काहीच दिसत नव्हतं. ते म्हणाले, "हिला काहीतरी दिसतंच."

पुढे वर्षभराने पुण्याच्या घरासाठी टीव्ही घ्यायची वेळ आली तेव्हा मी ओएलईडी घेतला. दोन्हींबरोबर राहून झालंय, म्हणून हे लिहितोय. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. डोळे आहेत आणि आई आहे. 4के, एचडीआर, ॲप्स वगैरे धरूनच चालतो, ते आता सगळ्यांतच असतं.

आधी नावांचा घोळ. क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीचा भाऊबंद नव्हे. इंग्रजीत ओ ला शेपटी काढली की क्यू होतो, आणि त्या शेपटीवर बरीच विक्री झाली आहे. सॅमसंगने 2017 पासून हे नाव रूढ केलं. आत आहे तो एलसीडीच, म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा, मागे दिवे आणि मध्ये क्वांटम डॉट्सचा, म्हणजे प्रकाशाचे रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. थर कामाचा आहे, रंग खरंच सुधारतात (याच क्वांटम डॉट्ससाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं), पण काळा रंग त्याने काळा होत नाही. मिनी-एलईडी हाही एलसीडीच. फरक इतकाच की मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, आणि त्यांचे गट करून हवा तो गट मंद करता येतो.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तिथे सरळ विझतो.

कागदावर हा फरक सगळ्यांना माहीत असतो. घरात तो कुठे टोचतो ते सांगतो. 4के पडद्यावर जवळपास 83 लाख पिक्सेल असतात. मिनी-एलईडीत दिव्यांचे समजा 500 गट धरले, तर एकेका गटाच्या वाट्याला साडेसोळा हजार पिक्सेल येतात. मांडवात गायकावर हॅलोजन टाकला की शेजारचा तबलजीही उजळतो, तसला प्रकार. काळ्या आकाशात चंद्र आला की त्याभोवती धुरकट कडं दिसतं. चंद्राचं एक वेळ चालतं, त्याला खळं शोभून दिसतं. सबटायटलचं चालत नाही.

मी रात्री मुलं झोपल्यावर मल्याळम सिनेमे बघतो. मल्याळम येत नाही, तेव्हा सगळा भार सबटायटलवर. रुंद पडद्याचा सिनेमा असला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, आणि पांढरी अक्षरं बऱ्याचदा खालच्या पट्टीत. सांगलीच्या टीव्हीवर कुणी बोललं की ती पट्टी राखाडी उजळते, बोलणं संपलं की विझते. दोघांचं भांडण चालू असेल तर खाली दिवाळीची माळ लागल्यासारखं होतं. हे मी बायकोला दाखवलं हे माझं पाप. तिला आधी दिसत नव्हतं, आता सिनेमा सोडून तेवढंच दिसतं.

आणि इथेच झोपाळ्याचा संबंध येतो. बहुतेक मिनी-एलईडींत व्हीए जातीचं पॅनल असतं. त्यात द्रवस्फटिकाचे रेणू काचेला काटकोनात उभे असतात आणि प्रकाश सोडायचा झाला की कलतात. किती कलायचं याचा हिशेब समोर बसणाऱ्यासाठी केलेला असतो. बाजूने बघणाऱ्याला तोच कल वेगळा दिसतो. म्हणून बाजूने रंग विटतात, काळं करडं होतं, आणि अक्षरांभोवतीचं कडं समोरून दिसतं त्याच्या दुप्पट पसरल्यासारखं वाटतं. आईला साडी विटकी दिसत होती आणि मला अक्षरं धुरकट, दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकच.

यावर आयपीएस पॅनल हा उपाय सुचवला जातो. त्यात रेणू काचेच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूने रंग चांगले टिकतात. पण काळ्या-पांढऱ्यातलं अंतर साधारण 1000 ला 1 वर अडतं, व्हीएमध्ये ते 3000 ला 1 किंवा जास्त असतं. रात्री दिवे घालवून आयपीएस बघा, काळोख निळसर राखाडी दिसेल. काही महागडे व्हीए टीव्ही पडद्यावर रुंद कोनासाठी वेगळा थर देतात. त्याने कोन सुधारतो, पण समोरून काळेपणा थोडा कमी होतो. डोकं झाकलं तर पाय उघडे, असं ते पांघरूण.

पुण्यात आमचा सोफा एल आकाराचा आहे. मधोमध बसणारा एकच, तोही बहुतेक वेळा धाकटा, फोन बघत. बाकी सगळे कोपऱ्यांत. ओएलईडीवर कुठूनही बघा, साडी जांभळी ती जांभळीच. अगदी तिरकं बसलं तर पांढऱ्यावर किंचित हिरवट झाक येते असं मला वाटतं. बायको म्हणते, येत नाही. मागच्या पावसाळ्यात आई महिनाभर येऊन राहिली आणि टीव्हीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नसतं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. सांगलीला मी ओएलईडी आजही नेणार नाही, आणि त्याला कारण आहेत बाबा.

बाबा सकाळी सातला बातम्या लावतात आणि त्या रात्री जेवणापर्यंत चालू राहतात. मराठी वृत्तवाहिनीचा पडदा तुम्ही पाहिलाच असेल: कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी पट्टी, बाजूला उभी चौकट, आणि उरलेल्या जागेत बातमी. ओएलईडीतली सेंद्रिय द्रव्यं वापराने झिजतात. एकच चिन्ह एकाच जागी रोज तासन् तास पेटत राहिलं तर तिथली झीज इतरांहून जास्त होते आणि कायमची सावली उरते. टीव्हींच्या चाचण्या घेणाऱ्या कॅनडातल्या आरटिंग्स या संकेतस्थळाने 2018 मध्ये सहा ओएलईडी टीव्ही रोज 20 तास चालवून बघायला सुरुवात केली. सीएनएन ही वृत्तवाहिनी लावलेल्यांवर खुणा उमटल्या. कॉल ऑफ ड्यूटी हा खेळ लावलेल्यावर नजरेला पडेल असं काही आलं नाही. म्हणजे चित्र हलतं राहिलं तर भीती कमी. त्यानंतर पॅनलं सुधारली आहेत हेही खरं, पण बाबांच्या बारा तासांपुढे मी पैज लावणार नाही. पुण्यात आम्ही दिवसाला तीन-चार तास लावतो, तेही वेगवेगळं काहीतरी. दोन वर्षांत खूण नाही.

दुसरं, भिंतीवरचं बटण. बाबा रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करतात. फ्रीज तेवढा वाचतो. ओएलईडी मात्र रिमोटने बंद केल्यावरही थोडा वेळ जागा असतो. काही तास चालून झालं की बंद स्थितीत पिक्सेलांची झीज तपासून ती सावरून घेतो. भिंतीवरचं बटण दाबलं की ते काम राहून जातं. विक्रेता हे सांगत नाही, माहितीपुस्तिकेत असतं आणि ती कोण वाचतं. तुमच्या घरी बटणं बंद करणारं माणूस असेल (कोणाच्या घरी नसतं?), तर त्या बटणावर कागद चिकटवायची तयारी ठेवा. आमच्याकडे आहे, धाकट्याने त्यावर कवटीचं चित्रही काढलंय.

तिसरं, दुपार. सांगलीच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. चार वाजता ऊन आत येतं तेव्हाही मिनी-एलईडी खणखणीत दिसतो. क्रिकेटचं हिरवं मैदान, त्यावर पांढरे कपडे, पडदाभर उजेड, हे त्याचं राज्य. ओएलईडी पडद्याचा छोटा भाग उजळायचा असेल तर डोळे दिपवतो, पण पूर्ण पडदा उजळायचा झाला की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी आपोआप हात आखडता घेतो. शिवाय बराच वेळ चित्र फारसं बदललं नाही तर हळूहळू मंद होत जातो. कसोटी सामन्यात तासाभराने मला वाटायचं, ढग आले. ढग आमच्या टीव्हीत असायचे. आता पडदे ओढून बघतो, आणि पुण्यात दुपारी तसंही कोणी घरी नसतं.

ज्यांना ओएलईडीच घ्यायचाय त्यांच्यासाठी एक बारकावा. त्यात दोन जाती आहेत. एलजी डिस्प्लेच्या पॅनलमध्ये पांढरा प्रकाश आणि त्यावर रंगांच्या गाळण्या. सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी 2022 पासून टीव्हीत आलं, त्यात निळा प्रकाश आणि क्वांटम डॉट्स. दुसऱ्याचे भडक रंग आणि कोन दोन्ही जास्त चांगले, हे मीही मान्य करतो. पण त्यात बाहेरचा उजेड शोषणारा ध्रुवक थर नसतो, त्यामुळे दिवे लागलेल्या खोलीत काळं जरा जांभळट-करडं दिसतं. आमच्याकडे टीव्ही बघताना ट्यूबलाइट चालूच असते, कारण कोणीतरी भाजी निवडत असतं नाहीतर अभ्यास करत असतं. म्हणून मी पहिली जात घेतली. अंधाऱ्या खोलीत बघणाऱ्याने कदाचित उलटं करावं.

सिनेमाचा कॅमेरा संथ सरकतो तेव्हा ओएलईडीवर चित्र किंचित अडखळतं, कारण पिक्सेल क्षणात बदलतात आणि सेकंदाला 24 चित्रांमधला खंड उघडा पडतो. मला सवय झाली. तुम्हाला नाही झाली तर सेटिंगमध्ये गती थोडी गुळगुळीत करता येते, फार केलीत तर सिनेमाची मालिका होते.

किमतीचं काय? 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, पण तो दोघांचाही झाला, त्यामुळे मधलं अंतर राहिलंच. मी घेतला तेव्हा त्याच मापाच्या बऱ्या मिनी-एलईडीपेक्षा तीसेक हजार जास्त मोजले. ते पैसे साउंडबारला लावले असते तर घरच्यांना जास्त फरक कळला असता, असं बायकोचं मत आहे आणि मी त्यावर वाद घालत नाही.

दुकानात मात्र फसू नका. तिथे छताला पंचवीस ट्यूब, सगळे टीव्ही सर्वांत भडक मोडवर, आणि पडद्यावर पोपट, मध, कापलेली फळं. अशात जो जास्त पेटेल तोच चांगला वाटतो. विक्रेत्याला सांगा, सेट-टॉप बॉक्सवरून एखादी बातम्यांची वाहिनी लाव, मग एखादा रात्रीचा प्रसंग सबटायटलसकट. आणि मग तुमच्या घरी आई जिथे बसते तितक्या तिरक्या कोनात जाऊन उभे राहा. मी उभा राहिलो तेव्हा फ्रीजच्या रांगेत पोचलो होतो. विक्रेत्याला वाटलं गिऱ्हाईक हातचं गेलं.

सांगलीचा मिनी-एलईडी अजून तिथेच आहे आणि बाबांची त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही. फिरणारा स्टँड लावून पाहिला. टीव्ही झोपाळ्याकडे वळवला की बाबांची मान दुखते. शेवटी झोपाळाच तीन फूट पुढे घ्यायचं ठरलं. कड्यांसाठी स्लॅबला नवी भोकं पाडायची म्हणून गवंडी बघून गेलाय. त्याने सांगितलेला आकडा दोन टीव्हींमधल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी आहे, फक्त तो यायचं नाव घेत नाही.