रंगाखाली काय आहे ते आधी बघा: मागचा बंपर आणि पेट्रोलचे जादा कॅन घेताना होणारी फसवणूक

बेळगावजवळच्या जांबोटीच्या आतल्या एका शेतवाटेवर लाल चिखलात रुतलेली महिंद्राची थार मागून ओढायला घेतली. गाडी जागची हलली नाही, पण बंपरवरचा हुक शॅकलसकट (दोर अडकवायच्या लोखंडी कडीसकट) तुटून उडाला. मध्ये कोणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. ‘३ एमएम पत्रा, पावडर कोटिंग, आरटीओ पासिंग’ असं सांगून विकलेला बंपर होता तो. कापून बघितला तर पत्रा २ एमएमचा, हुकाची पट्टी फक्त बाहेरून टाके मारून चिकटवलेली, मागे आधाराची प्लेट नाहीच.

असे बंपर बनवणारे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही. फसवण्याची रीत एकच: जे काही कमी केलंय ते काळ्या रंगाखाली जातं. म्हणून बयाणा देतानाच अट घाला, की रंगाआधी कोरा बंपर बघणार आणि उरलेले पैसे त्यानंतरच. जो याला नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

पत्र्याची जाडी बोल्टच्या भोकाच्या कडेला व्हर्नियरने (जाडी अचूक मोजायच्या मापकाने) मोजा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही टर्नरकडे तो मिळेल. गेजच्या आकड्याला भुलू नका, आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. ११ गेज म्हणजे जवळजवळ ३ एमएम, १४ गेज म्हणजे २ एमएम, १६ गेज म्हणजे १.६ एमएम. ‘चौदा गेजचा हेवी’ हे शब्द ऐकायला भारदस्त वाटतात, तिथेच गिऱ्हाईक फसतं.

तयार बंपर असेल तर काट्यावर ठेवा. १ एमएम जाडीचा १ चौरस मीटर लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. बंपरला साधारण १.२ चौरस मीटर पत्रा लागला असेल, तर ३ एमएममध्ये नुसत्या पत्र्याचं वजन २८ किलो, २ एमएममध्ये १९ किलो. हा नऊ किलोंचा फरक लपत नाही. ब्रॅकेट आणि पाइप मात्र वेगळे तोलायला लावा, कारण तिथे जाड प्लेट घालून एकूण वजन जुळवतात.

जोडांवर लोहचुंबक फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली असते. साधी लांबी पावडर कोटिंगच्या १८०-२०० अंशांच्या भट्टीत टिकत नाही, त्यामुळे लांबी सापडली की ते ‘पावडर कोटिंग’ बहुधा साधा स्प्रे असतो. आतल्या बाजूला थिनरचा बोळा घासा, साधा रंग फडक्यावर उतरतो. असा रंग कणकुंबीसारख्या धो धो पावसाच्या गावाकडे एका पावसाळ्यात फुगतो आणि खालून गंज धरतो.

बंपर चॅसीच्या मूळ भोकांवरच बसला पाहिजे, चॅसीला वेल्डिंग नको. ब्रॅकेट किमान ५ एमएमचं हवं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा ग्रेड कोरलेला बघा. ४.६ चे बोल्ट काळे रंगवून बसवतात, त्यांची ताकद निम्मी असते. हुकाची पट्टी पत्र्यातून आरपार जाऊन आतल्या ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी सलग वेल्ड झालेली हवी. नुसत्या पत्र्यावर चिकटवलेला हुक शोभेचा असतो, त्यावरून गाडी ओढणं म्हणजे मागे उभ्या असलेल्याच्या जिवाशी खेळ आहे. ४.७५ टनी शॅकलवर आकडा ठोकलेला असतो, रंगाने लिहिलेला नव्हे.

कॅन आणि स्टेपनी धरणारा आडवा दांडा उघडून, त्यावर भरलेला कॅन लावून टोक वर-खाली हलवा. बिजागरीत बेअरिंग असेल तर खेळ जाणवत नाही. पाइपात पाइप घालून ग्रीस भरलेलं असेल तर टोक लगेच खाली लोंबतं, आणि खराब रस्त्यावर काही महिन्यांत दांडा बंद करणारा लॅच जुळेनासा होतो.

आता कॅन. ‘घाटात पंप नाही’ असं घाबरवून विकणाऱ्याला आधी हिशेब विचारा. थारची टाकी ५७ लिटरची. आठचं अॅव्हरेज धरलं तरी साडेचारशे किलोमीटर होतात, आणि बेळगावहून चोर्ला घाटात जाऊन यायला शंभरेक किलोमीटर. मारुतीच्या जिम्नीची टाकी ४० लिटरची आहे, तिला लांबच्या फेरीत २० लिटरचा एक कॅन समजू शकतो. दोन भरलेले कॅन म्हणजे साधारण ४० किलो, तेही मागच्या अॅक्सलच्या बरंच मागे. शिवाय मागून कोणी ठोकलं तर पहिला मार पेट्रोलवरच बसतो. म्हणून भरलेला कॅन मागे लावून हायवेवर पळू नका. शेवटच्या पंपावर तो जमिनीवर ठेवून भरा, वर थोडी जागा सोडा, आणि टाकीत जागा होताच ओतून टाका.

‘आतून एपॉक्सी’ म्हणून विकलेल्या कॅनला बऱ्याचदा साधा रंग असतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तो सुटतो आणि फिल्टर चोंदतो. विकत घेण्याआधी कपभर पेट्रोल आत रात्रभर ठेवून पांढऱ्या फडक्यावर गाळून बघा. झाकणातलं गॅस्केट फुगलंय का तेही बघा. डिझेल गाडीसाठी गॅल्व्हनाइज्ड कॅन घेऊ नका, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरवर घाण धरते. पाण्याचे किंवा खाद्यतेलाचे प्लास्टिक कॅन तर नकोच.

पत्र्याची जादा टाकी ‘६० लिटर’ म्हणून देतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजारने भागा: ६० × ४० × २० म्हणजे ४८ लिटरच. आत आडपडदे नसतील तर वळणावर तेल एका बाजूला धावतं. गळती तपासायला जोडांवर बाहेरून खडूची पेस्ट वाळवून नव्या टाकीत रॉकेल भरा, ओला डाग उमटतोच. पेट्रोल भरून झालेल्या टाकीला मात्र वेल्डिंग लावू देऊ नका.

‘आरटीओ पासिंग’ ही सरळ थाप आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीत न बसणारा बदल चालत नाही. कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही दावा नाकारायला निमित्त मिळतं.

बिलावर नुसतं ‘फॅब्रिकेशन’ लिहून घेऊ नका. पत्र्याची जाडी, वजन, बोल्टचा ग्रेड, टाकीची लिटर क्षमता हे सगळं लिहायला लावा. फसला असाल तर बंपर भंगारात टाकू नका. कापलेल्या कडेवर व्हर्नियर लावून फोटो काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा. विकणारा कोल्हापूर-सांगलीकडचा असला तरी तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे बेळगावातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा.