छोट्या पोकलेनवर टिल्ट-रोटेटर की घरची लेव्हल पट्टी: मुंबईच्या कामाच्या हिशेबाने

दीड ते पाच टनाची मिनी पोकलेन मुंबईत दोन अगदी वेगळ्या जागी राबते. एक म्हणजे गिरगाव, लालबाग, भुलेश्वरकडची गल्ली. दोन्ही अंगांना भिंती, मध्ये चेंबर, खाली पाण्याची लाइन, विजेच्या केबल आणि गॅस, आणि मशीन एकदा आत घातली की वळवायला जागाच नाही. दुसरी म्हणजे मोकळा प्लॉट, सोसायटीचं कंपाउंड, शाळेचं मैदान. तिथे मशीनला फिरायला हवी तेवढी जागा असते, काम असतं ते मुरूम ठरलेल्या ढाळात एकसारखा पसरायचं. टिल्ट-रोटेटर, म्हणजे बकेट गोल फिरवणारा आणि कलवणारा जोड, पहिल्या जागी आपले पैसे वसूल करून देतो. दुसऱ्या जागी कुर्ला-साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये नीट बनवून घेतलेली लेव्हल पट्टी, म्हणजे बकेटच्या जागी लावून जमीन सपाट करायची लोखंडी पट्टी, बहुतेक काम उरकते. मोकळ्या प्लॉटची कामं हातात असताना रोटेटर घेणं आमच्या मते चुकीचं आहे, आणि गल्लीत फक्त पट्टीवर भागवू म्हणणंही तितकंच चुकीचं.

टिल्ट-रोटेटर १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये आला. एन्गकॉन, रोटोटिल्ट, स्टीलरिस्ट ही नावं तिथलीच. रचना समजायला सोपी आहे. आर्म (बकेट धरणारा पुढचा हात) आणि बकेटच्या मध्ये एक डबा बसतो. त्यातली हायड्रॉलिक मोटर वर्म गिअर फिरवते, त्यामुळे बकेट ३६० अंशांत कितीही वेळा गोल फिरते. टिल्ट सिलिंडर तिला दोन्ही बाजूंना साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंत कलवतात. मधल्या स्विव्हलमधून, म्हणजे फिरत्या तेलजोडातून, तेल खालच्या कपलरपर्यंत (अवजार पटकन अडकवायच्या-सोडायच्या जोडापर्यंत) जातं. जॉयस्टिकवरच्या रोलरने दोन्ही हालचाली हळू-जलद करता येतात.

गल्लीत याचा फायदा डोळ्यांना दिसतो. खणत असलेली चर काटकोनात वळली तर मशीन न हलवता बकेट वळवून पुढे खणता येतं. चेंबरच्या चौकटीभोवती चारी बाजूंनी माती काढता येते. आडव्या गेलेल्या केबलच्या खालची माती बाजूने शिरून ओढता येते, अर्थात केबलच्या अगदी जवळ घमेलं-फावडंच चालवायचं. चर भरताना मशीन तिरकी उभी असली तरी बकेटचा ओठ सपाट ठेवता येतो. मशीन पुढे-मागे करणं वाचलं की पेव्हर ब्लॉक आणि नुकतंच केलेलं काँक्रीट चेनखाली खराब होत नाही.

पण छोट्या मशीनवर त्याची किंमत वजनात आणि ताकदीतही मोजावी लागते. समजा साडेतीन मीटर लांबीवर, आर्म चेनच्या आडव्या बाजूला वळवून, मशीन बकेटशिवाय ४०० किलो उचलते. १०० किलोचा रोटेटर आणि ३० किलोचा कपलर वजा केला की बकेट आणि माल मिळून २७० किलोच उरतात. उंचीचा फटका याहून मोठा. बकेटच्या पिनपासून दातापर्यंत ७०० मिलिमीटर अंतर असेल आणि मध्ये ३५० मिलिमीटर उंचीचा संच आला तर अंतर १०५० होतं. सिलिंडर तेवढाच जोर देतो, म्हणून दाताशी पोचणारी ताकद दोन-तृतीयांशावर येते. भुसभुशीत भरावात हे जाणवत नाही. डेब्रिज दाबून बसलेल्या जुन्या भरावात आणि कडक मुरुमात मात्र लगेच जाणवतं. घेण्याआधी हा हिशेब आपल्या मशीनच्या लोड चार्टवर (किती लांबीवर किती वजन उचलता येतं त्या तक्त्यावर), कॅटलॉगमधले वजन-उंचीचे आकडे घालून करा. दीड टनाच्या मशीनवर तो बहुतेक वेळा जमत नाही, तीन टनाच्या पुढे जमू लागतो.

मुंबईपुरता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा ब्रेकरचा. इथे आधी काँक्रीट किंवा काळा दगड फोडायचा असतो, मग खणायचं. ब्रेकर रोटेटरखाली लावून फोडकाम करू नका. सततच्या हादऱ्यांनी वर्म गिअरचे दात आणि बेअरिंग झिजतात, आणि बनवणारे बहुधा त्याला मनाईच करतात किंवा कडक अटी घालतात. म्हणून रोटेटर आर्मवर थेट पिनने बसवायचा की मशीनच्या क्विक कपलरखाली, हा प्रश्न इथे नुसता आवडीचा राहत नाही. थेट बसवला तर उंची आणि वजन वाचतं, पण काढायला पिना ठोकाव्या लागतात, होज सोडावे लागतात. कपलरखाली बसवला तर पटकन उतरतो आणि ब्रेकर चढतो. दिवसात एकदा तरी ब्रेकर लागणार असेल तर उंची गेली तरी चालेल, कपलरखालीच घ्या.

मग तेलाची लाइन. आपल्याकडच्या बऱ्याच मिनी मशीनला ब्रेकरची एकेरी लाइन असते, तेल एका बाजूने जातं आणि दुसऱ्या बाजूने थेट टाकीत परततं. ज्या रोटेटरला स्वतःचा व्हॉल्व्ह ब्लॉक असतो त्याला हेच हवं असतं, दाबाची एक लाइन आणि मोकळी परतीची एक. उलट टिल्ट बकेटच्या, म्हणजे न फिरता फक्त कलणाऱ्या बकेटच्या, सिलिंडरला दोन्ही बाजूंनी दाब लागतो. एकेरी लाइनवर ती एका बाजूला कलते आणि तिथेच राहते. म्हणजे स्वस्तातली टिल्ट बकेट घेतली आणि लाइन दुहेरी करायला वेगळा खर्च आला, असं होतं. आधी लाइन तपासा.

रोटेटरच्या बाबतीत तीन गोष्टी लेखी मागा: किती लिटर प्रवाह लागतो, जास्तीत जास्त दाब किती, आणि ब्लॉक ओपन सेंटर (काम नसताना तेल मोकळं जाऊ देणारा) आहे की लोड-सेन्सिंग (गरजेपुरतंच तेल मागणारा). जुन्या गिअर पंपाच्या मशीनवर काम नसताना तेल अडवणारा बंद ब्लॉक बसवून लाइन सतत चालू ठेवली तर तेल जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवरून उडत राहतं, दुपारपर्यंत टाकी तापते आणि मशीन सुस्त होते. मग दोष पंपाला दिला जातो, पंप बदलला जातो, आणि त्रास तसाच राहतो. वायरिंग १२ व्होल्टची असते, तिचे जोड पाणी न शिरणारे घ्या. पावसाच्या पहिल्या सरीत बंद पडलेल्या संचांत दोष बहुधा या जोडांतच सापडतो.

आता पट्टीकडे. तिच्याबद्दल कमी बोललं जातं, म्हणून इथे सविस्तर.

न कलणाऱ्या पट्टीचा नियम एकच: मशीन जशी उभी, तशी पट्टी जमीन कापते. मशीन डावीकडे कलली असेल तर पृष्ठभागही डावीकडे कलणार. हाच दोष कामाला लावता येतो. दोन चेनच्या मध्यरेषांतलं अंतर दीड मीटर असेल आणि २ टक्के आडवा ढाळ हवा असेल, तर एका चेनखाली ३० मिलिमीटर जाडीची फळी सरकवा. जमीन सपाट असेल तर पट्टी तो ढाळ आपोआप काढते. मोकळ्या जागेत, ढाळ एकसारखा असताना, ही फळी रोटेटरचं काम करते. ढाळ दर चार मीटरला बदलत असेल तर मात्र फळ्या सरकवण्यातच दिवस जातो.

बनवायला दोन आकार चांगले. पहिला, १०० बाय १०० बाय ६ मिलिमीटरचा बॉक्स पाइप, खाली पुढे-मागे १०० बाय १२ ची पत्ती. दीड मीटर लांबीत पाइप सुमारे २५ किलो, दोन पत्त्या मिळून २८, कान (आर्मच्या पिना घालायच्या भोकांच्या प्लेटा) आणि गसेट (आधाराच्या तिकोनी प्लेटा) धरून एकूण ७५ किलोच्या आसपास. दुसरा, आणि आम्हाला जास्त पसंत, २०० चा गर्डर आडवा झोपवून. त्याच्या दोन्ही फ्लँज उभ्या राहतात, एकमेकींपासून २०० मिलिमीटरवर दोन धारा मिळतात, आणि मधल्या खोबणीत मुरूम साठून खड्डा आला की तिथे पडतो. पुढची धार उंचवटा कापते, मागची तिच्या मागोमाग साफ करते. दीड मीटरचा तुकडा ३८ किलोच्या आसपास. साहित्य दारुखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात तुकड्यांत मिळतं, पण वाकलेला तुकडा घेऊ नका. दोन टोकांना दोरी ताणून बघा. मध्ये ३ मिलिमीटर फट दिसली तरी तो ठेवून द्या, कारण ती वाक प्रत्येक फेरीत जमिनीवर उतरणार.

लांबीचा मोह आवरा. पावणेदोन टनाच्या मशीनला १.२ मीटर, तीन टनाला १.५, पाच टनाला १.८ पुरे. लांब पट्टीचं एक टोक दगडाला अडकलं की पूर्ण पीळ आर्मवर आणि बूमच्या (आर्म धरणाऱ्या मोठ्या हाताच्या) पायथ्याच्या मोठ्या पिनेवर जातो. मिनी मशीनमध्ये बूम डावी-उजवीकडे वळण्यासाठी जी पिन असते तिचे बुश आधी जातात. याच कारणाने साधी पट्टी मशीन गोल फिरवून झाडूसारखी ओढू नका, ती फक्त मशीनकडे ओढायची.

कानांत बहुतेक वर्कशॉप चुकतात. मोजमापं तीन: पिनेचा व्यास, दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर आणि आर्मच्या टोकाची रुंदी. तिन्ही कॅलिपरने घ्या. जुन्या बकेटच्या झिजलेल्या भोकांवरून घेतली तर झीजही नव्या कानात येते. कान २० मिलिमीटर प्लेटचे, दोन्ही एकत्र टॅक करून एकाच सेटिंगमध्ये बोअर करा, आत बुश घाला. वेल्ड करताना पिनेच्या मापाचा सळईचा तुकडा दोन्ही कानांतून आरपार ठेवा आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं करत जा. एका बाजूने सलग वेल्ड मारला की कान आत ओढले जातात आणि पिन शेवटी हातोड्याने घालावी लागते.

कोन त्याहून महत्त्वाचा. आर्म उभा असताना आणि बकेट सिलिंडर अर्ध्यावर असताना पट्टीचा तळ जमिनीला समांतर यायला हवा. कान अंदाजाने लावले की तळ सिलिंडर पूर्ण उघडल्यावरच सपाट होतो. मग आर्म ओढत आणताना कोन सांभाळायला स्ट्रोक उरत नाही आणि पट्टी मध्येच टोकावर उभी राहते. आधी कान टॅक करा, मशीनवर चढवून आर्म पूर्ण लांब ते पूर्ण जवळ फिरवून बघा, मग पक्का वेल्ड.

धारेला साधं लोखंड लवकर गोल होतं. हार्डॉक्स ४५० किंवा तत्सम, लवकर न झिजणाऱ्या कडक प्लेटची पत्ती घ्या, आणि जमलं तर चपट्या डोक्याच्या बोल्टने बसवा, म्हणजे एक बाजू झिजली की उलटता येते. वेल्डच करायची असेल तर ७०१८ वेल्डिंग रॉड भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी सुकवून वापरा. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो. वेल्ड वरून सुंदर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कडेने केसासारखी भेग येते.

दातांवर चढवायची पट्टी, म्हणजे बकेटच्या दातांवर बसणारा अँगल, तातडीच्या कामापुरती ठीक आहे. ती बाजूच्या दोन बोल्टनी बकेटला धरलीच पाहिजे. नुसती ठोकून बसवली तर उचलताना गळून पडते.

क्विक कपलरवर घरची पट्टी लावताना जास्त काळजी घ्या. पिन अर्धा मिलिमीटर बारीक किंवा अंतर किंचित जास्त असलं तरी लॉक बसल्यासारखा दिसतो आणि खरा बसलेला नसतो. प्रत्येक वेळी पट्टी जमिनीवर दाबून, सिलिंडर आत-बाहेर करून, डोळ्यांनी लॉक बघूनच ती उचला. तिच्यावरून चेन किंवा पट्टा टाकून पाइप उचलू नका, ती त्यासाठी बनलेली नाही.

चालवण्याची रीत थोडक्यात. डोझर ब्लेड खाली टेकवून मशीन स्थिर करा. लाइनदोरी किंवा लेझर लावा. मुरूम हाताच्या मुठीत गोळा होईल एवढाच ओला असू द्या. पहिल्या फेरीत ५० मिलिमीटरहून जास्त कापू नका. आर्म ओढताना तो उभा होईपर्यंत बूम सावकाश वर घ्या, त्यापुढे सावकाश खाली, आणि बकेट सिलिंडरने तळाचा कोन धरून ठेवा, या तिन्ही हालचाली एकदम चालतात. जुन्या पंपावर त्या एकत्र मागितल्या की एखादी मंदावते आणि लाटा उठतात. तिथे इंजिन पूर्ण आरपीएमवर ठेवून हात हळू चालवणं हाच उपाय. रोटेटरखाली ही पट्टी लावली तर चरीच्या कडेने, भिंतीलगत, आडवी-तिरकी कशीही ओढता येते. हा जोड खरोखर सुंदर चालतो, फक्त पट्टी रोटेटरच्या वजनमर्यादेत हवी. ऑपरेटरचा हात रोटेटरवर बसायला काही आठवडे लागतात, आणि फिरवलेली बकेट काचेला किंवा बूमच्या सिलिंडरला लागण्याचा धोका पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त. तेवढा काळ त्याला गल्लीऐवजी मोकळ्या जागेत काम द्या.

जुना किंवा स्वस्तातला रोटेटर बघायला गेलात तर एक मीटरची पट्टी लावून तिचं टोक हाताने हलवा आणि किती मिलिमीटर सरकतं ते लिहून ठेवा. नव्या संचाशी तुलना केली की वर्म गिअरची झीज कळते. स्विव्हलभोवती तेलाचा ओलावा आहे का, टिल्ट सिलिंडरच्या रॉडवर खड्डे आहेत का ते पाहा. कुलाबा, माहीमकडे खाऱ्या पाण्याच्या चरीत चाललेल्या संचांना असे खड्डे हमखास असतात. सील किट आणि वर्म व्हील कुठून मिळणार, याचं उत्तर पैसे देण्याआधी हवं. रोज आठ-दहा तासांच्या कामाला टिल्टच्या पिनांना ग्रीस द्या, गिअरच्या डब्यातलं तेल ठरल्या वेळी तपासा, प्रेशर पंपाची धार स्विव्हलच्या सीलवर मारू नका. पावसाळ्यात रस्ते खोदायची परवानगी थांबते तेव्हा संच उतरवा, गोड्या पाण्याने धुवा, सिलिंडर आत मिटवून आणि उघड्या रॉडला ग्रीस लावून शेडमध्ये लाकडावर ठेवा.