काचेची विजेची किटली : जुलै ते डिसेंबरचा अनुभव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारातील एका दुकानातून मी १.८ लिटरची काचेची विजेची किटली १,४५० रुपयांना घेतली. ती १,५०० वॅटची असून १ लिटर पाणी साधारण चार मिनिटांत उकळते. चहा, पेजेचे आधण आणि पावसाळ्यातील सर्दीवर वाफारा एवढ्या कामांना ती पुरते. काच हाताला चटका बसेल इतकी तापते, हा तिचा दोष घेण्यापूर्वीच ठाऊक असायला हवा. स्टीलच्या किटलीऐवजी मी काचेची का घेतली, याचे खरे कारण वेगळे होते: आत काय चालते ते मला पाहायचे होते, आणि त्या बाबतीत ही किटली पैसे वसूल करून देते.

पाणी तापू लागले की प्रथम पाण्यावरच्या पोकळीत अंधुक धुरकटपणा येतो आणि काचेवर आतून दव साचते. पाणी खळखळून उकळू लागल्यावर मात्र ही पोकळी स्वच्छ, आरपार दिसते, कारण आतली थंड हवा एव्हाना बाहेर ढकलली गेलेली असते आणि तेथे उरते ती १०० अंशांची शुद्ध वाफ. वाफ हा वायू आहे. तिचे रेणू सुटे व इतके सूक्ष्म असतात की प्रकाश त्यांच्यातून जवळजवळ अडथळ्याविना निघून जातो. तोटीच्या तोंडाशीही बोटभर जागा रिकामीच दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. आपण बोलताना त्या लोटालाही वाफच म्हणतो, पण वस्तुतः ते पाण्याचे थेंब असतात. १०० अंशांच्या वाफेच्या एका घनमीटरात सुमारे ६०० ग्रॅम पाणी असते, तर ३० अंशांची हवा घनमीटरामागे जेमतेम ३० ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. तेव्हा बाहेर पडून थंडावणाऱ्या वाफेला थेंब होण्यावाचून गत्यंतर नसते.

पण पाणीही रंगहीनच, मग थेंब पांढरे का? ढगातील थेंब साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण वीसपट मोठा असतो. एवढ्या आकाराचे थेंब तांबडा, हिरवा, निळा असा भेद न करता सगळेच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात विखुरतात. हवेचे रेणू फार लहान असल्यामुळे निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून निरभ्र आकाश निळे आणि त्यातला ढग पांढरा. शिवाय थेंबांची संख्या प्रचंड असते: १ ग्रॅम पाण्याचे या आकाराचे थेंब केले तर ते सुमारे १९० कोटी होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ०.६ चौरस मीटर भरतो, जो एकाच थेंबात अवघा पाच चौरस सेंटीमीटर असता. या सगळ्या पृष्ठभागांवर प्रकाश पुनःपुन्हा वळतो आणि चहूकडे फाकतो. मिठागरातला मिठाचा स्वच्छ खडा हातात घेतला तर काचेसारखा दिसतो, रास मात्र पांढरी. आणि दूधसागराला ते नाव मिळाले तेही तेच बिनरंगाचे पाणी ३१० मीटरांच्या कड्यावरून फुटत येते म्हणूनच. मिठाचा येथे आणखी एक संबंध आहे. बाष्पाला थेंब होण्यासाठी एखाद्या कणाचा आधार लागतो, आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येणाऱ्या ढगांना तो आधार बऱ्याच अंशी लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे कण देतात.

किटलीच्या तळाशी निळा दिवा आहे. हा मला सुरुवातीला निव्वळ भपका वाटला होता. रात्री स्वयंपाकघरातील दिवा मालवून पाहिले तेव्हा तोटीजवळचा लोट निळसर दिसला. थेंबांना स्वतःचा पांढरा रंग नसतो, पडेल तो प्रकाश ते परत देतात. मिरामारच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला ढग केशरी होतात ते याचमुळे. जाड ढगाचा तळ काळा दिसतो तेव्हाही थेंब तेच असतात, फक्त वरून आलेला बहुतेक प्रकाश वरच परतलेला असतो.

आता तक्रार. मला मिळालेल्या पहिल्या किटलीचे झाकण नीट बसत नव्हते आणि पाणी उकळले तरी ती बंद होत नसे. अशा किटल्यांत वाफेचा थोडा भाग एका छिद्रातून मुठीकडच्या दोन धातूंच्या जोडपट्टीपर्यंत पोहोचतो, पट्टी तापून वाकते आणि कळ बंद होते. झाकणातूनच वाफ निसटली तर पट्टीला काही कळत नाही. दुकानदाराने वाद न घालता किटली बदलून दिली. दुकानातच पाणी उकळवून पाहावे, असे मी सांगेन. तोटीजवळच्या त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत बोट मात्र नेऊ नये: तेथील प्रत्येक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता सोडते, त्यामुळे सर्वांत वाईट भाजते ते न दिसणाऱ्या वाफेनेच.

वायर आखूड असल्याने मी किटली लाकडी फडताळाखाली ठेवली होती. जुलैत लोट वीतभर लांब जाई, डिसेंबरच्या कोरड्या दुपारी तो चार बोटांत विरतो. जुलैतही तो फडताळापर्यंत पोहोचताना दिसत नसे, म्हणून मी निर्धास्त होतो. पण विरलेले थेंब पुन्हा बाष्प होऊन वर जातच होते, आणि गणेशचतुर्थीच्या साफसफाईत फडताळाच्या खालच्या बाजूस बुरशीचा हातभर पट्टा सापडला. किटली आता खिडकीपाशी आहे.