जुन्या हॉलिवुडचा खोका: साडेआठ महिने वापरल्यावर

खोका म्हणजे खरोखरचा पुठ्ठ्याचा खोका. आमच्या बिल्डिंगमधले एक काका मुलीकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी ४४ डीव्हीडी आणि एक जुना प्लेअर मिळून २,२०० रुपयांत माझ्या गळ्यात मारलं. तेव्हा तसंच वाटलं होतं, म्हणून तसंच लिहिते. मी नुकतीच रिटायर झाले होते. विम्याच्या ऑफिसात ३१ वर्षं, त्यातली बावीस क्लेमच्या टेबलावर. संध्याकाळचं काय करायचं हा प्रश्न होताच.

वापर असा: आठवड्याला एक, कधी दोन सिनेमे, रात्री ओटा आवरून झाल्यावर. सोबत सासूबाई, वय ८४. मी त्यांना आईच म्हणते. त्यांना इंग्रजी येत नाही आणि सबटायटल आले तरी चष्म्यातून ते पळतात. त्यामुळे मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. दोन-तीन आठवड्यांत लक्षात आलं, की हीच सिनेमाची परीक्षा आहे. एखादा सिनेमा मला बोलून बोलून दमवतो, आणि एखाद्याच्या वेळी आईच मला म्हणतात, "अगं, गप्प बस, कळतंय मला." खाली जी आवड-निवड आहे ती याच मापाने.

आधी तक्रारी. ४४ पैकी तीन अडकतात. कापड गोल गोल फिरवून पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा, त्यातली एक तेवढ्यानेच चालू लागली. एका डबीत भलतीच डीव्हीडी निघाली, कुणाच्या तरी मुंजीची. तीही आम्ही अर्धी पाहिली. आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा मुळातला काळा-पांढरा सिनेमा या खोक्यात रंगवून ठेवलेला आहे. सगळ्यांचे गाल एकाच गुलाबी रंगाचे, औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरसारखे. टीव्हीचा रंग पूर्ण खाली आणला की सिनेमा जागेवर येतो. हा उपाय सापडायला मला दोन महिने लागले.

या सिनेमात माझ्या कामाची एक जागा आहे. कर्जात बुडालेला जेम्स स्टुअर्ट गावातल्या त्या खडूस धनिकाकडे आठ हजार डॉलर मागायला जातो आणि तारण म्हणून आयुर्विम्याची पॉलिसी पुढे करतो. पॉलिसी पंधरा हजारांची, पण आत साठलेले पाचशे. म्हातारा म्हणतो, तुझी जिवंतपणापेक्षा मेल्यावर किंमत जास्त आहे. टेबलाच्या माझ्या बाजूला बसून मी असे चेहरे पाहिलेले आहेत. पॉलिसी आणली म्हणजे पैसे मिळणार असं वाटून लोक येतात, आणि सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडली तर हातात येणाऱ्या रकमेचा आकडा ऐकल्यावर पिशवीची गाठ पुन्हा बांधायला लागतात. स्टुअर्टचे हात तिथे जे करतात ते बघा. १९४६ चा सिनेमा, युद्धावरून परतल्यावरचा त्याचा पहिला. तेव्हा तिकीटबारीवर पडला. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, म्हणून टीव्हीवाले दर नाताळात तो लावू लागले आणि त्यातून तो घराघरात गेला.

आता पहिला नंबर. यात वाद नाही: 'द म्युझिक बॉक्स', १९३२, अर्ध्या तासाचा. लॉरेल आणि हार्डी. आई त्यांना जाड्या-रड्याच म्हणतात, दुसरी नावं त्यांना माहीतच नाहीत. गोष्ट एवढीच, की दोघांना एक पियानो उंच जिन्यावरच्या घरात पोचवायचा आहे. वर नेतात, तो घसरत खाली येतो. मध्ये मूल फिरवणारी बाई येते, पोलीस येतो, एक बडेजाव मारणारा प्रोफेसर येतो. शेवटी कसाबसा वर पोचवल्यावर पोस्टमन सांगतो, की मागून गाडीरस्ता आहे. तेव्हा हे दोघं पियानो पुन्हा जिन्यावरून खाली आणतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर नेतात. हे पाहून आई इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं. सांगावं किती लागलं? शून्य. याला विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालं होतं. तो १३३ पायऱ्यांचा जिना लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात अजून आहे. १९५७ मध्ये जाड्या गेला. त्यानंतर रड्याने पुन्हा पडद्यावर काम केलं नाही, पण दोघांसाठीचे विनोद मात्र तो लिहीत राहिला.

दुसरा माझा स्वतःचा, आईंचा नाही. 'डबल इन्डेम्निटी', १९४४, दिग्दर्शक बिली वाइल्डर. आपल्याकडे ज्याला डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट म्हणतात, म्हणजे अपघाती मरणाला दुप्पट रक्कम, तेच हे, आणि अख्खा सिनेमा त्या एका कलमावर उभा आहे. एजंट फ्रेड मॅकमरे आणि त्याच्या ग्राहकाची बायको बार्बरा स्टॅनविक मिळून नवऱ्याच्या नावावर ५०,००० डॉलरचा अपघात विमा काढतात, त्याच्या नकळत. मोटारविम्याच्या कागदांची दुसरी प्रत आहे म्हणून खाली सही घेतात. (हे बघताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. "इथे सही करा, ही नुसती कॉपी" या वाक्यावर किती घरं बुडाली ते क्लेमवाल्यांना विचारा.) मरण रेल्वेतून पडून आलेलं दाखवायचं, म्हणजे रक्कम दुप्पट.

आणि मग येतो एडवर्ड जी. रॉबिन्सन. क्लेम मॅनेजर. बुटका, वेस्टकोट घातलेला, खिशात कधी काडेपेटी नसलेला. कंपनीचा बडा साहेब म्हणतो, ही आत्महत्या आहे, पैसे नाकारा. तर रॉबिन्सन एका दमात आत्महत्यांची कोष्टकं म्हणून दाखवतो, वंशानुसार, धंद्यानुसार, विषाच्या प्रकारानुसार, आणि विचारतो, ताशी पंधरा मैलांनी चाललेल्या रेल्वेगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव दिल्याची एक तरी नोंद आहे का? साहेब गप्प. पण पुढे संशयाने त्याचं स्वतःचंच पोट दुखायला लागतं. मेलेल्या माणसाचा पाय आधी मोडला होता, अपघात विमा होता, मग त्याने पायाचा क्लेम का केला नाही? पॉलिसी आहे हेच त्याला माहीत नसेल तर?

मी तिथे रिमोट दाबून थांबवलं. बावीस वर्षांत मी हाच प्रश्न कितीदा विचारला असेल. अर्ली क्लेमच्या, म्हणजे पॉलिसी काढल्यावर थोड्याच दिवसांत आलेल्या क्लेमच्या फायलीत जे आहे त्यापेक्षा जे असायला हवं होतं आणि नाही, ते आधी शोधायचं, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं. पडद्यावर आमच्या खात्यातला माणूस कुणी इतक्या आदराने दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. हा रॉबिन्सन मूळचा बुखारेस्टचा, १८९३ चा जन्म, पडद्यावर गँगस्टर म्हणून गाजलेला. आयुष्यात ऑस्करचं एकही नामांकन नाही. १९७३ मध्ये सन्मान म्हणून द्यायचं ठरलं, तर सोहळ्याच्या दोन महिने आधी तो गेला.

आईंना हा सिनेमा फार सांगावा लागला, नायक आणि नायिका बुलेटसारखे बोलतात. पण तीन ठिकाणी त्यांनी मला गप्प केलं. एक, खून. शेजारच्या सीटवर माणूस मरतोय आणि कॅमेरा हलतच नाही, फक्त गाडी चालवणाऱ्या स्टॅनविकचा चेहरा. दोन, प्रेत रुळांवर टाकून आल्यावर त्यांची मोटार सुरूच होत नाही. "अगं बाई, होऊ दे गं सुरू," आई म्हणाल्या, आणि मग स्वतःच जीभ चावली, कारण त्या खुन्यांच्या बाजूने बोलल्या होत्या. तीन, फ्लॅटचं दार. रॉबिन्सन निघताना स्टॅनविक उघड्या दारामागे पॅसेजमध्ये लपते. म्हणजे दार बाहेर उघडतं. तिथले फ्लॅट आत उघडणारे असतात, वाइल्डरने प्रसंगासाठी मुद्दाम उलट लावून घेतलं. मी ही चूक कौतुकाने सांगितली, तर आई म्हणाल्या, "सेफ्टी डोअर असेल."

स्टॅनविक ही या साडेआठ महिन्यांतली माझी खरी कमाई. खोक्याच्या आधी नावही धड माहीत नव्हतं. ब्रुकलिनची रुबी स्टीव्हन्स, लहानपणीच आई गेली, बाप निघून गेला, कोवळ्या वयात नाचाच्या कामाला लागली. चार वेळा नामांकन, स्पर्धेतलं ऑस्कर एकदाही नाही, १९८२ मध्ये मानद दिलं. ती समोरच्याचं ऐकताना बघा. बाकीच्या नट्या आपली पाळी येईपर्यंत सुंदर दिसत थांबतात, ही ऐकताना हिशेब करत असते.

'द अपार्टमेंट' हा १९६० चा, पुन्हा वाइल्डर, पुन्हा विमा कंपनी आणि पुन्हा तोच मॅकमरे, या वेळी बायको असताना लिफ्टवालीला नादी लावणारा साहेब. जॅक लेमन कारकून. ३१,२५९ माणसांच्या हेड ऑफिसात एकोणिसावा मजला, टेबल नंबर ८६१. टेबलांच्या रांगा क्षितिजापर्यंत जातात. त्यासाठी मागे मागे छोटी टेबलं आणि सगळ्यात मागे लहान मुलं बसवली होती. बढतीसाठी लेमन आपल्या घराची चावी साहेबलोकांना देतो. आईंचा पहिला प्रश्न, "याची आई कुठाय?" दुसरा, "चादरी कोण धुतं?" वाइल्डरला हे प्रश्न आवडले असते.

पण तो फुटका आरसा! लेमनला घरात कुणा बाईची पावडरची डबी सापडते, तो ती साहेबाला परत करतो. पुढे नवी टोपी कशी दिसते बघायला लिफ्टमधली शर्ली मॅक्लेन त्याला आपली डबी उघडून देते. आरशाला तीच चीर. लेमनचा चेहरा त्या चिरेत दुभंगलेला. मी तोंड उघडायच्या आत आईंनी माझा हात धरला. एक शब्द न बोलता अर्धा सिनेमा उलगडतो.

'कॅसाब्लांका'ला, म्हणजे महायुद्धात अडकलेल्या निर्वासितांच्या सिनेमाला, सांगणं खूप. परवाने कुणाचे, सही कुणाची, जर्मन कोण, फ्रेंच कुणाच्या बाजूचे. क्लोद रेन्सचा लाचखाऊ पोलीस अधिकारी मात्र आईंना न सांगता पहिल्या मिनिटाला कळला. आणि ते राष्ट्रगीत! जर्मन अधिकारी आपलं गाणं रेकतायत, तेवढ्यात बँड फ्रान्सचं राष्ट्रगीत उचलतो आणि अख्खा बार उभा राहतो. तिथे डोळे भरून आलेली मादलेन लबो स्वतः १९४० मध्ये फ्रान्समधून पळून आली होती. नाझी मेजर झालेला कोनराड फाइट १९३३ मध्ये जर्मनी सोडून निघालेला. हे मी नंतर सांगितलं. आई तोपर्यंत म्हणून गेल्या होत्या, "ही पोरगी खरी रडतेय." बाकी शेवटच्या धुक्यातलं विमान छोटं पुठ्ठ्याचं आणि त्याभोवतीचे मेकॅनिक मुद्दाम बुटके, म्हणजे वाइल्डरच्या ऑफिसचीच युक्ती. नायक हंफ्री बोगार्ट मला पहिल्यांदा आवडला, तिसऱ्यांदा थोडा स्वतःवरच खूश वाटला.

'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) लावला आणि दहाव्या मिनिटाला आई म्हणाल्या, "हे तर आमचं चोरी चोरी." बरोबर, १९५६ चा राज कपूर-नर्गिसचा सिनेमा यावरूनच. मग त्याच मला गोष्ट पुढे सांगत बसल्या. क्लार्क गेबल आणि क्लोदेत कोल्बेरमध्ये दोरीवर टांगलेली ती चादर मात्र पुन्हा पुन्हा बघावी अशी.

'गॉन विथ द विंड' आम्हाला झेपला नाही. दोन डिस्क, जवळजवळ चार तास, मालकिणीची दुःखं मोठी आणि नोकरांची थट्टा. हॅटी मॅकडॅनियलला त्यासाठी ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं, आणि त्या रात्री तिला बाकीच्यांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. हे ऐकल्यावर आईंनी दुसरी डिस्क लावू दिली नाही.

'वदरिंग हाइट्स'ची (१९३९) गंमत वेगळीच. सिनेमा ठीक, लॉरेन्स ऑलिव्हिए जरा जास्तच धुमसतो. पण नायिका मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची, १९११ चा जन्म. जगाला तिने आयुष्यभर टास्मानिया सांगितलं, कारण आजीकडून आलेलं आशियाई रक्त कळलं असतं तर तेव्हाच्या हॉलिवुडमध्ये नायिका होणं शक्य नव्हतं. तिला वाढवणारी सावळी बाई घरातली मोलकरीण म्हणून खपवली जायची, असं सांगतात. हे खरं १९७९ मध्ये ती गेल्यानंतर बाहेर आलं. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव तिचा चेहरा." मी पुन्हा लावला. चेहऱ्यावर इतका उजेड मारलेला, की सावली कुठे राहूच नये.

'रिअर विंडो'त ग्रेस केलीचे कपडे सगळे बघतात, तुम्ही थेल्मा रिटर बघा, विमा कंपनीने पाठवलेली नर्स. (बघा, पुन्हा विमा!) सहा नामांकनं, ऑस्कर शून्य. आमच्या ऑफिसातल्या शिपाईमावशी अगदी अशाच बोलायच्या. 'रोमन हॉलिडे' गोड, शेवटी ग्रेगरी पेक रिकाम्या दालनातून एकटा चालत येतो तेवढी जागा गोडाच्या पलीकडची. 'सिटिझन केन' थोर आहे हे मान्य, आई मात्र विसाव्या मिनिटाला झोपल्या.

घ्यावा का? खोका मिळाला तर घ्या, प्लेअर चालवून बघून घ्या. आमच्या प्लेअरचा ट्रे आता हाताने ओढावा लागतो. काल रात्री पुन्हा जिना लावला, दहाव्यांदा तरी असेल. पियानो अर्ध्यावर असतानाच आईंचे डोळे मिटलेले दिसले, म्हणून मी बंद करायला उठले. डोळे न उघडता म्हणाल्या, "राहू दे गं. चढू दे त्यांना."