काटा ६० वर, पाणी ४५ वर

स्वतःचं विमान बांधणारे आपल्याकडे मोजकेच आहेत. सुटी उपकरणं मिळताना त्यांची किती मारामार होते, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून हे लिहितोय.

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी आणि माझा मित्र दोन आसनी विमान बांधतोय. पंख झाले, इंजिन बसलं, मग वेग मोजायच्या यंत्रणेकडे वळलो. पिटो ट्यूब म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी. तिची जागा ठरलेली होती : डाव्या पंखाखाली, तोंड पंखाच्या कडेपुढे, प्रोपेलरच्या झोताबाहेर. स्टॅटिकची, म्हणजे बाहेरच्या हवेचा नुसता दाब घेणारी, भोकं धडाच्या दोन्ही अंगांना, आत टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडलेली, म्हणजे विमान तिरकं सरकलं तर एकीकडचा वाढलेला दाब दुसरीकडचा सावरून घेतो. नळीच्या सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायचं बूच, कारण आपला पावसाळा. राहिला फक्त या दोन दाबांतल्या फरकावरून वेग दाखवणारा डायल.

तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका विक्रेत्याकडे मिळाला. वापरलेला, अमेरिकन, डायलवर नॉट (ताशी सागरी मैल, साध्या मैलापेक्षा मोठा), सोबत एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचा, शिक्का असलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (यंत्र बरोबर मोजतं याचा दाखला). त्याने नळीत हलकी फुंकर मारली, काटा अलगद वर चढला. नळी चिमटीत दाबली तर तिथेच थांबला. गळती नाही म्हणून मी खूश. ‘स्टॅटिकचं तोंड कॉकपिटमध्ये उघडंच सोडा, सगळे तेच करतात,’ असंही तो म्हणाला. कॉकपिटमधला दाब बाहेरच्यासारखा नसतो, खिडकी किंचित उघडली तरी बदलतो. हे मला माहीत होतं, तरी मी तिथून उठलो नाही. २२ हजार यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘जीएसटी लागेल साहेब, उगाच कशाला?’ मी गप्प बसलो. तिथेच चुकलो.

बसवण्याआधी तपासायचं म्हणून गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी आणली. प्लायवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकली, लाल रंगाचं पाणी भरलं, शेजारी स्टीलची पट्टी लावली. मेडिकलमधून मोठी सिरिंज घेतली. एक टी टाकून सिरिंज, डायलचं पिटोचं तोंड आणि नळीचं एक टोक जोडलं, स्टॅटिक उघडं ठेवलं. सिरिंज अगदी हळू दाबायची, झटका बसला तर डायलच्या आतला दाबाने हलणारा पडदा कायमचा बिघडतो.

समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत ६० नॉटला दोन बाजूंच्या पाण्यात जवळपास ६० मिलिमीटरचा फरक पडतो, ८० ला १०६, १०० ला १६५. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे आकडे असे वाढत जातात. डायल याच प्रमाण हवेसाठी आखलेला असतो, म्हणून रबाळ्याच्या उकाड्याचा हिशोब करावा लागत नाही.

आमचा काटा ६० वर आला तेव्हा पाणी ४५ वर होतं. वाटलं, पट्टी सरकली असेल. पुन्हा केलं. ८० ला ८०, १०० ला १२५. रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं : हे आकडे ताशी मैलांचे आहेत. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या विमानांत वेग मैलांतच असे. यंत्र तेच ठेवून वर नॉट छापलेली तबकडी चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं, काचेच्या कड्याच्या स्क्रूंच्या खाचा नव्याने खरवडलेल्या होत्या.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आमचं विमान ४५ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे त्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत, म्हणून उतरताना ६० ठेवायचे. हा काटा ६० दाखवत असताना खरा वेग ५२. त्यात वळताना विमान ४५ अंश झुकलं तर स्टॉलचा वेग ५३ च्या वर जातो. म्हणजे काटा बरोबर जागेवर, आणि जमिनीजवळ विमान हातातून गेलेलं. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकहून निघालेलं बोइंग ७५७ पिटो ट्यूब बुजल्यामुळे वेगाचा आकडा चुकून समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली.

सर्टिफिकेटवरच्या प्रयोगशाळेला फोन केला. त्या क्रमांकाचं सर्टिफिकेट त्यांनी कुठल्याशा बॉयलरच्या प्रेशर गेजला दिलं होतं.

विक्रेत्याकडे गेलो. आधी माझ्या पाण्याला नावं ठेवली. मी मैलांचं म्हणालो तेव्हा गप्प झाला आणि लगेच म्हणाला, ‘पूर्ण पैसे परत देतो, पीस आणून द्या.’ त्याच्या मागच्या काचेच्या कपाटात तसेच आणखी दोन डायल दिसत होते. परत दिला असता तर हाही त्यांच्या शेजारी गेला असता. मी दिला नाही. २२ हजार गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण हातात बिल नाही, नुसती यूपीआयची नोंद आहे.

ते दोन डायल अजून कपाटात असतील किंवा विकलेही गेले असतील. कुणी ठाण्यातून असा डायल घेतला असेल तर आधी पाणी लावून बघा. ६० नॉटला ४५ मिलिमीटर आले, तर तो विमानात बसवू नका.