सरकारी पैशावर पहारा कोणाचा: जागतिक बँकेचा की ग्रामसभेचा?

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे शेतकऱ्याला ठिबकसारख्या कामांसाठी अनुदान देणारा आपला 'पोकरा', २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात आला तो जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर. कर्ज हं, दान नव्हे. पैसा बाहेरचा, म्हणून शिस्तही कडक: अर्ज ऑनलाइन, शेतात येऊन तपासणी, अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात. मधल्या हातांना चाटायला कमी उरतं, हे खरंच. शिवाय बँकेच्या चौकशीत लबाडी सिद्ध झाली, तर ठेकेदार कंपनी तिच्या कामांतून बाद होऊ शकते.

पण ठिबकचे पैसे आधी शेतकऱ्यानं भरायचे, अनुदान मागून. यवतमाळकडचा कोरडवाहू कास्तकार रोकड आणणार कुठून? तो दुकानदाराकडेच उधारी करतो. मग बिल किती फुगवलं, ते कोणत्याच तपासणीत दिसत नाही.

दुसरा पहारा घरचा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत, उत्तराची मुदत ३० दिवस. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं तर सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांचा हिशेब लोकांनीच तपासणं, ग्रामसभेवरच सोपवलं. मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, मोठ्यानं वाचलं की मागून कोणीतरी बोलतंच, "अबे, हा तं दोन वर्सापासून पुन्याले हाय ना!" हे बँकेला वॉशिंग्टनहून कळत नाही. फक्त, असं बोलणाऱ्याला उद्या त्याच सरपंचाकडे दाखल्यासाठी जायचं असतं, म्हणून बरेचदा सभा गुपचूप आटोपते. कोरमची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची, तर गोष्टच सोडा.

तरी माझं मत ग्रामसभेला. पोकराची बिलंही तिथंच, नावानिशी वाचा.