कार्नूस्टीचा प्लेऑफ आणि शेवभाजी : जळगावातील एका ‘खेळरात्री’चे परीक्षण

जळगाव शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका कौटुंबिक हॉटेलने या पावसाळ्यापासून महिन्यातल्या एका शनिवारी जुने गाजलेले सामने मोठ्या पडद्यावर दाखवण्याचा उपक्रम सुरू केला आहे. माणशी ३५० रुपयांत सामना आणि खान्देशी जेवण, असा सरळ हिशेब आहे. क्रिकेटच्या रात्रीला गर्दी झाली यात नवल नाही. परंतु जुलैच्या कार्यक्रमासाठी मालकांनी स्कॉटलंडमधील कार्नूस्टीच्या मैदानावर झालेल्या १९९९ सालच्या ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस निवडला, आणि गोल्फची काठी हातात धरलेला माणूस ज्या भागात शोधावा लागतो तेथे हे धाडस कितपत जमते, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम गेलो. हॉटेलचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि उपक्रम अजून नवा आहे.

कार्यक्रम वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या हॉलमध्ये होतो. एरवी तेथे साखरपुडे आणि बारशी होत असल्याने खुर्च्या भरपूर आहेत, पंखेही पुरेसे आहेत, मात्र पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या आवाजापुढे ध्वनिक्षेपकाचे काही चालत नाही. प्रोजेक्टर बरा आहे. रेकॉर्डिंग जुन्या चौकोनी आकाराचे होते आणि ते रुंद पडदा भरावा म्हणून ताणलेले असल्यामुळे सुरुवातीची पंधराएक मिनिटे सगळे खेळाडू आखूड आणि जाडजूड दिसत होते. मागच्या रांगेतल्या एका मुलाने उठून सेटिंग बदलून दिले, तेव्हा कुठे चित्र सरळ झाले. स्कॉटलंडच्या करड्या आकाशात पांढरा चेंडू मात्र शेवटपर्यंत दिसला नाही; त्याला हॉटेलचा इलाज नाही.

या संध्याकाळी सर्वांत मोलाचे काही होते तर ते मालकांच्या मामांचे निवेदन. हे गृहस्थ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असून छावण्यांमधल्या गोल्फ मैदानांवर त्यांनी बरीच वर्षे काढली आहेत. सगळे त्यांना ‘सुभेदारसाहेब’ म्हणतात. इंग्रजी समालोचनाचा आवाज कमी करून ते स्वतः माइकवर मराठीत सांगतात. पार (होलसाठी ठरवून दिलेले फटके) म्हणजे काय, बर्डी (पारपेक्षा एक कमी) आणि बोगी (एक जास्त) कशाला म्हणतात, कमी फटके घेणारा का जिंकतो, एवढे त्यांनी पाच मिनिटांत आटोपले आणि उरलेला वेळ कार्नूस्टीच्या मैदानावर घालवला. हा निर्णय मला अतिशय योग्य वाटला, कारण त्या आठवड्याचा खरा प्रतिस्पर्धी मैदानच होते. फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) अरुंद केलेले, दोन्ही बाजूंचा रफ (वाढवलेले गवत) काढणीला आलेल्या गव्हासारखा उभा, समुद्रावरून येणारा वारा, आणि अठरापैकी शेवटच्या दोन होलांवर फिरून फिरून आडवा येणारा ‘बॅरी बर्न’ हा दगडी काठांचा ओढा. पहिल्या दिवशी ७१ म्हणजे बरोबर पार खेळून आघाडीवर असलेला रॉड पॅम्पलिंग दुसऱ्या दिवशी ८६ फटके घेऊन कटबाहेर, म्हणजे पुढच्या फेऱ्यांतून बाद, गेला. एकोणीस वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्याच फेरीत ८९ फटके घेतले. चार दिवसांच्या एकूण धावसंख्येत एकही खेळाडू पारच्या खाली गेला नाही; सहा ओव्हर पार, म्हणजे २९० फटके, एवढ्यावर बरोबरी होऊन ती सोडवण्यासाठी प्लेऑफ, म्हणजे जादा होलांचा खेळ, झाला. (‘धावसंख्या’ हा शब्द सुभेदारसाहेबांचाच, क्रिकेटवाल्या श्रोत्यांसाठी त्यांनी तो बिनदिक्कत वापरला आणि तो चालूनही गेला.)

एवढी तयारी झाल्यानंतर अठरावा होल पाहणे हा वेगळाच अनुभव ठरला. फ्रान्सचा ज्याँ व्हान द व्हेल्ड तीन फटक्यांच्या आघाडीने तेथे उभा होता. होल चारच्या पारचा, लांबी ४८७ यार्ड. सहा फटके घेतले तरी विजेतेपद त्याचे, आणि १९०७ साली आर्नो मासी जिंकल्यानंतरचा तो पहिला फ्रेंच विजेता ठरला असता. त्याने ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, काढला. चेंडू उजवीकडे भलताच दूर गेला, तरी ओढ्याच्या वळणात कोरड्या जमिनीवर पडला. येथे सुभेदारसाहेबांनी रेकॉर्डिंग थांबवले आणि समोरच्यांना विचारले की आता तुम्ही काय कराल. एका शेतकऱ्याने ताबडतोब उत्तर दिले की छोटा फटका मारून ओढ्याच्या अलीकडे राहायचे, पुढच्या फटक्यात ओढा ओलांडायचा आणि सहाच्या आत संपवायचे. गोल्फ आयुष्यात प्रथमच पाहणाऱ्या माणसाचा हा सल्ला त्या दिवशी जगभरातल्या जाणकारांचा होता तोच होता. व्हान द व्हेल्डने टू-आयर्न (लांब पल्ल्याची लोखंडी काठी) घेतले आणि थेट ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, दिशेने मारले. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आदळला, तेथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, आणि उडून मागे, ओढ्याच्या अलीकडच्या दाट गवतात येऊन पडला. पुढचा फटका पाण्यात गेला.

मग त्याने बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि तो ओढ्यात उतरला. हॉलमध्ये हशा पिकला. “हाऊ काय करी ऱ्हायना भो?” असे कोणीतरी मोठ्याने विचारले. सुभेदारसाहेब हसले नाहीत. पाण्यातून चेंडू मारण्याचा विचार करणे म्हणजे वेडेपणा नव्हे, चेंडू थोडा तरी वर असता तर ते शक्य झाले असते, हे त्यांनी शांतपणे समजावले. आणि पहिल्या दोन फटक्यांत जी घाई झाली तिची किंमत तो आता मोजत आहे, असेही सांगितले. अखेर दंडाचा फटका घेऊन त्याने चेंडू बाहेर ठेवला, पाचवा फटका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. त्याच बंकरमधून त्याचा जोडीदार क्रेग पॅरी याने नुकताच चेंडू थेट होलमध्ये घातला होता. व्हान द व्हेल्डला तसे जमले नाही, परंतु बाहेर काढून पुढचा काही फुटांचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) त्याने घातला. सात फटके, आणि पॉल लॉरी व जस्टिन लेनर्ड यांच्यासह तिघांची बरोबरी. एवढ्या घसरगुंडीनंतर तो शेवटचा पट घालायला केवढे काळीज लागते, याकडे निवेदनात लक्ष वेधले गेले, आणि हसणारे गप्प झाले. इतके संयमी निवेदन मी व्यावसायिक समालोचकांकडूनही क्वचित ऐकले आहे.

आणि नेमक्या याच क्षणी दिवे लागले आणि जेवण आले.

माझी मुख्य तक्रार ती हीच. हॉटेलच्या वेळापत्रकात सामना येथे ‘जवळजवळ संपला’ होता. वेटरांनी ताटे वाढायला घेतली, लहान मुले हात धुवायला धावली, आणि पंधराव्या होलपासून सुरू झालेला चार होलांचा प्लेऑफ वाट्यांच्या खणखणाटात आणि पत्र्यावरच्या पावसात वाहून गेला. वास्तविक विजेता ठरला तो येथे. पडद्यावरही तेव्हा पाऊस कोसळत होता, अंधारून आले होते, आणि तिघेही थकलेले होते. पंधराव्यावर पॉल लॉरी आणि जस्टिन लेनर्ड यांनी पाच-पाच फटके घेतले, व्हान द व्हेल्डने सहा. सोळावा होल तीनच्या पारचा, पण २५० यार्डांचा; तेथे तिघांनाही चार लागले. म्हणजे पहिल्या दोन होलांवर जगातल्या तीन चांगल्या खेळाडूंपैकी एकालाही पार साधता आला नाही, हे वाक्य सुभेदारसाहेबांनी माइकवर म्हटले खरे, पण ते ऐकायला पुढची एकच रांग उरली होती.

सतराव्यावर लॉरीने बर्डी केली. व्हान द व्हेल्डनेही केली, आणि तो अजून एकाच फटक्याने मागे होता. अठराव्यावर, जेथे थोड्याच वेळापूर्वी एकाचे विजेतेपद वाहून गेले होते, तेथे लॉरीने फोर-आयर्नने मारलेला चेंडू ओढा ओलांडून ग्रीनवर झेंड्यापासून तीन-चार फुटांवर जाऊन थांबला. लेनर्डचा चेंडू मात्र त्याच ओढ्यात गेला. मुख्य फेरीतही याच होलवर त्याला ओढ्याने गाठले होते. लॉरी बर्डी करून चार होलांत १५ फटक्यांवर, म्हणजे बरोबर पारवर, संपला. इतर दोघे १८ वर. अबरडीनचा हा खेळाडू पात्रता फेरी खेळून स्पर्धेत आला होता, जागतिक क्रमवारीत १५९वा होता, आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहा फटक्यांनी मागे होता. मेजर, म्हणजे गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या, स्पर्धांच्या इतिहासात शेवटच्या फेरीत एवढी पिछाडी भरून काढून दुसरे कोणी जिंकलेले नाही. त्या दिवशीची त्याची ६७ची फेरी तर रेकॉर्डिंगमध्ये धावतीच दाखवली आहे.

जगाने या स्पर्धेची आठवण ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या छायाचित्रात साठवली, आणि आपल्या हॉटेलनेही नकळत तेच केले. ज्याने पावसात, अंधारात, त्याच होलवर तो ओढा बिनचूक ओलांडला, त्याच्या वाट्याला भाजी वाढण्याचा आवाज आला. तिकिटावर ‘प्लेऑफ’ हा शब्द ठळक छापायचा आणि प्लेऑफच्या वेळी दिवे लावायचे, हे ग्राहकाच्या दृष्टीने बरोबर नाही.

जेवणाविषयी लिहायचे तर त्यात खोट काढण्यासारखे थोडेच आहे. पावसाळ्यात भरिताचा आग्रह न धरता शेवभाजी ठेवली, यातच स्वयंपाकघरात जाणते माणूस असल्याचे कळते. भरिताची वांगी हिवाळ्यात खावीत. शेवभाजीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, वर लालभडक तर्री, शेव आयत्या वेळी घातलेली असल्याने अजून कुरकुरीत होती. कळण्याच्या भाकऱ्या गरम होत्या, पण पहिल्या पंगतीनंतर कमी पडल्या आणि त्यांच्या जागी पोळ्या आल्या. ठेचा उत्तम. भात कोणी फारसा घेतला नाही, घेण्यासारखा नव्हताही. तिखट न खाणाऱ्यांसाठी मुगाच्या खिचडीची सोय आहे, ती आधी सांगावी लागते.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी खालच्या पार्किंगमध्ये पाणी साचते हे लक्षात ठेवावे आणि खुर्च्या पडद्याच्या डाव्या बाजूच्या धराव्यात, उजवीकडे जिन्याचा उजेड पडतो. साडेतीनशे रुपयांत असे जेवण आणि सुभेदारसाहेबांचे निवेदन मिळत असेल तर ते स्वस्त आहे. मी पाचपैकी साडेतीन गुण देतो, आणि कापलेले गुण सर्वस्वी वेळापत्रकाचे आहेत.

निघताना सुभेदारसाहेबांशी थोडे बोलणे झाले. कार्नूस्टीवर १९७५, १९९९ आणि २००७ अशा लागोपाठ तीन ओपन स्पर्धा प्लेऑफनेच निकाली निघाल्या, आणि २००७ साली पॅड्रिग हॅरिंग्टनने अठराव्यावर दोन चेंडू त्याच ओढ्यात घालूनही प्लेऑफमध्ये गार्सियाला हरवले, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. तीच स्पर्धा पुढे दाखवण्याचा त्यांचा विचार आहे. त्या वेळी जेवण सामन्याआधी द्यावे, अशी विनंती मी मालकांना केली. “बरं भाऊ, साडेसातला पंगत बसवतो,” असे ते म्हणाले, आणि तिकीट चारशे होईल हेही त्यांनी लगेच सांगून टाकले.